तांब्याच्या वाटेने जपानदर्शन

जपान म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित घरांतून काही ठरलेली चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. फूजी पर्वताचे हिमाच्छादित शिखर, चेरीच्या फुलांचा बहर, कागदी पडद्यांची घरे आणि वाऱ्याशी पैज मारणारी आगगाडी. ह्या चित्रांत असत्य काही नाही. तथापि तेवढीच पाहून परतणारा प्रवासी बहुधा जे घरी बसून ठाऊक होते तेच पुन्हा एकदा पाहून येतो. देश पाहण्याची दुसरीही एक रीत आहे. आपल्या गावातील एखादा परिचित धागा हाती धरावा आणि तो त्या परक्या मुलखात कोठवर जातो ते पाहत जावे. मग तो मुलूख तितकासा परका राहत नाही, आणि परत आल्यावर आपले गावही थोडे निराळे दिसू लागते.

आमचे घराणे मूळचे खानदेशातील सोनगीरचे. धुळ्याहून उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला हे गाव वसले आहे. टेकडीवर जुना किल्ला आहे. गावाच्या नावात सोने असले तरी त्याची कीर्ती झाली ती तांब्या-पितळेने. खानदेशातील किती तरी घरांत मुलीच्या लग्नात दिलेला हंडा, घागर, कळशी, परात किंवा घंगाळ सोनगीरचे असे. आपल्याकडे एका लहानशा पाखराला त्याच्या एकसारख्या ‘टुक् टुक्’ आवाजावरून ‘तांबट’ हे नाव मिळाले. ज्या गावात खरे तांबट कामास बसत, तेथील पहाट कशी उगवत असेल ह्याची कल्पना वाचकांनी त्यावरूनच करावी. जपानात फिरताना आमच्या हाती जो धागा होता, तो हा तांब्याचा.

कापूस आधी गेला, माणसे मागून

वस्तुतः खानदेशाची आणि जपानची ओळख आजची नव्हे. माणसांच्या आधी तेथे आपला कापूस जाऊन पोचला. १८९३ साली जपानच्या निप्पॉन यूसेन काइशा ह्या जहाज कंपनीने जमशेटजी टाटा ह्यांच्या सहकार्याने मुंबई ते कोबे असा जलमार्ग सुरू केला, आणि त्या मार्गावर विलायती कंपन्यांनी मालवाहतुकीत बसविलेला मक्ता मोडला. त्या जहाजांतून मुख्यतः जाई तो कापूस. ओसाका आणि तिच्या परिसरातील गिरण्यांना हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा, स्वस्त कापूस हवाच होता, आणि तसा कापूस पिकविणाऱ्या मुलखांत आपले खानदेश व वऱ्हाड हे अग्रभागी होते. पुढे १९३३ साली कापडावरील जकातीच्या वादातून जपानी गिरण्यांनी ह्या कापसावर बहिष्कार घातला. १९३४ साली करार झाला आणि व्यापार पुन्हा वळणावर आला. ओसाकातील एका गिरणीमालकाच्या रागलोभाने खानदेशातील शेतकऱ्याच्या घरी दिवाळी गोड किंवा कडू व्हावी, इतका तो संबंध निकटचा होता.

विचारांची देवघेवही झाली. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या हाती तोक्यो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. हे विद्यापीठ जिन्झो नारुसे ह्यांनी १९०१ साली स्थापिले होते. त्या पुस्तिकेने कर्व्यांच्या मनातील विचारास आकार आला. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तो मांडला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उघडले. पुढे १९२९-३० च्या आपल्या जगप्रवासात, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, ते स्वतः तोक्योस जाऊन आले. ज्या दिव्यावरून आपली वात लावली तो दिवा एकदा डोळ्यांनी पाहावा, ही त्यामागील भावना सहज समजण्याजोगी आहे.

त्यानंतर पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘पूर्वरंग’ ह्या प्रवासवर्णनाने जपान मराठी घराघरांत नेला, शिरीष पै ह्यांनी हायकू हा तीन ओळींचा जपानी काव्यप्रकार मराठीत रुजविला, आणि तेत्सुको कुरोयानागी ह्यांची ‘तोत्तोचान’ आपल्या मुलाबाळांची मैत्रीण झाली. तेव्हा आज जपानास जाणाऱ्या मराठी माणसाच्या पाठीशी शंभरांहून अधिक वर्षांची वाट आहे. तिचे भान असले म्हणजे पाऊल अधिक निर्धास्त पडते.

उंबरठा, स्नान आणि पंगत

आमच्या बरोबर आमचे थोरले बंधू आणि वहिनी होत्या. परदेशात आपल्या आचाराचे कसे निभावेल ही वहिनींची चिंता निघण्यापूर्वी बरीच होती. परंतु तेथील पहिल्याच घरगुती उतारशाळेच्या दारात ती निम्मी उतरली. दाराशी सखल जागा, तेथे पादत्राणे काढावयाची, मग पायरी चढून आत जावयाचे. बाहेरची धूळ बाहेर राहिली पाहिजे हा नियम तेथे लहान मुलासही सांगावा लागत नाही. आत ताटामी नावाच्या गवती चटया अंथरलेल्या असतात, आणि त्यांवर मांडी घालून किंवा गुडघे मोडून बसावयाचे. खुर्चीची सवय जडलेल्या आपल्या पिढीस हे जड जाते. आजीच्या पिढीस गेले नसते.

स्नानाचा प्रकारही लक्षात ठेवण्याजोगा आहे. कढत पाण्याने भरलेल्या हौदात उतरण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ घासून, धुऊन घ्यावे लागते. हौद हा मळ काढण्यासाठी नसून शीण काढण्यासाठी असतो, आणि घरातील सर्व माणसे एकामागून एक त्याच पाण्यात उतरतात. एकत्र कुटुंबात दुसऱ्यासाठी पाणी निर्मळ राखणे हा शिष्टाचाराचा पाया होय, हे ह्या एका चालीवरून कळते.

जेवणापूर्वी प्रत्येक जण हात जोडून ‘इतादाकिमास’ असा शब्द उच्चारतो. ‘हे मी नम्रपणे स्वीकारतो’ असा त्याचा आशय. चित्राहुती घालून आणि श्लोक म्हणून पानावर बसणाऱ्या घरातील माणसास ह्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. मात्र शाकाहारी प्रवाशाने एक गोष्ट आधीच जाणून असावी. तेथील पुष्कळशा पातळ पदार्थांचे मूळ पाणी ‘दाशी’ नावाचे असते, आणि ते बहुधा वाळविलेल्या माशाच्या किसापासून काढलेले असते. पानात मासा दिसत नाही एवढ्यावरून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. ह्यावर उत्तम उपाय म्हणजे बौद्ध मठांतील ‘शोजिन’ भोजन. त्यात मांस-मासे तर नसतातच, परंतु कांदा-लसणासारख्या उग्र वस्तूही वर्ज्य असतात. कोया पर्वतावरील मठात हे ताट पुढे आले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हा तर आपला चातुर्मासच की!” टोफूचे प्रकार, तिळाचे वाटण, रानभाज्या, भात आणि लोणचे. सारे लहान लहान वाट्यांत, आणि प्रत्येक वाटीस तिची ठरलेली जागा.

कोया पर्वतावरील मठांची स्थापना कूकाई ह्या आचार्यांनी नवव्या शतकाच्या आरंभी केली. त्यांच्या शिंगोन पंथात आजही अग्नीत आहुती देण्याचा विधी चालतो, आणि त्याचे नाव ‘गोमा’ आहे. आपल्या ‘होम’ शब्दाचेच ते चिनी वाटेने गेलेले रूप. तेथील स्मरणफलकांवर सिद्धम् लिपीतील संस्कृत बीजाक्षरे लिहिलेली दिसतात. आपली सरस्वती तेथे ‘बेन्झाइतेन’ होऊन वीणेऐवजी बिवा वाजवीत बसली आहे. महाकाल ‘दाइकोकुतेन’ होऊन हसतमुखाने धान्याच्या पोत्यांवर उभा आहे. गणपतीही ‘कांगितेन’ ह्या नावाने आहे, पण त्याची मूर्ती सहसा कोणास दाखवीत नाहीत. परक्या घरात आपल्या माहेरचा माणूस अवचित भेटावा तसा हा अनुभव आहे.

नाराचा ताम्रबुद्ध आणि आगीतून निघालेला कायदा

तांब्याचा आमचा धागा प्रथम हाती आला तो नारा येथे. तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाची बैठी मूर्ती सुमारे पंधरा मीटर उंच आहे, आणि आठव्या शतकात तिच्या ओतकामास सुमारे ५०० टन तांबे लागले असे सांगतात. आगींमुळे व भूकंपांमुळे तिची वेळोवेळी डागडुजी झाली. मस्तक तर सतराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा ओतले. आमच्या लोकांस अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट अशी की, इ. स. ७५२ मध्ये ह्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन एका भारतीयाच्या हातून झाले. त्यांचे नाव बोधिसेन. ते ७३६ साली चीनमार्गे जपानास पोचले. जपानी लोक त्यांस ‘बारामोन सोजो’, म्हणजे ‘ब्राह्मण आचार्य’, ह्या नावाने ओळखत. परंपरा त्यांचे कुल भारद्वाज सांगते. ज्या कुंचल्याने त्यांनी मूर्तीचे डोळे रेखिले, त्यास एक लांबच लांब दोरी बांधलेली होती, आणि जमलेल्या लोकांनी ती हातात धरली होती, हेतू हा की त्या पुण्याचा वाटा सर्वांस मिळावा. तो कुंचला व ती दोरी जपान्यांनी शोसोइन ह्या भांडारात अद्यापि जपून ठेविली आहेत. बाराशेहून अधिक वर्षे एक दोरी जपणारे हे लोक आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

नाराजवळच होर्यूजीचे मठमंदिर आहे. जगातील आज उभ्या असलेल्या अतिप्राचीन लाकडी इमारतींत त्याची गणना होते. त्याच्या मुख्य मंदिराच्या भिंतींवर जी बोधिसत्त्वांची चित्रे होती, त्यांचे अजिंठ्याच्या चित्रांशी असलेले नाते कलाभ्यासकांनी पुष्कळदा दाखविले आहे. अजिंठा म्हणजे आम्हा खानदेशकरांच्या अंगणातील वास्तू. जळगावहून दीड-दोन तासांत माणूस तेथे पोचतो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ज्याने पाहिला आहे, त्यास होर्यूजीच्या बोधिसत्त्वाची ती कललेली मान आणि अर्धोन्मीलित दृष्टी ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही.

ह्या दोन्ही ठिकाणांना जोडणारा एक चित्रकार होऊन गेला. त्याचे नाव काम्पो अराई. रवींद्रनाथ ठाकूर ह्यांच्या निमंत्रणावरून तो १९१६ साली हिंदुस्थानात आला आणि अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांचे जपानी कागदावर ठसे घेऊन त्याने प्रतिकृती तयार केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेविल्या होत्या. १९२३ च्या महाभूकंपात त्या नष्ट झाल्या. पुढे १९४० पासून होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे जे मोठे काम निघाले, त्यातही अराई होता. १९४५ साली तो वारला. काम पुरे होण्यापूर्वीच, २६ जानेवारी १९४९ रोजी, त्या मंदिरास आतून आग लागली आणि बाराशे वर्षांची ती चित्रे होरपळून गेली. सव्वीस जानेवारी ही तारीख आपण पुढच्याच वर्षापासून आनंदाने साजरी करू लागलो. जपानात मात्र त्या दिवशी आजही देवळादेवळांतून आग विझविण्याच्या कवायती होतात.

शोक करून ते राष्ट्र थांबले नाही. १९५० साली तेथे सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. इमारती, मूर्ती व चित्रे तर त्यात आलीच, परंतु वस्तू घडविणारी विद्या हीसुद्धा रक्षणीय ठेव होय, हे त्या कायद्याने मान्य केले. त्यातूनच श्रेष्ठ कारागिरांस राष्ट्राचा सन्मान देण्याची प्रथा निघाली. लोक अशा कारागिरास ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. मग १९७४ साली पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी निराळा कायदा झाला. त्याच्या अटी विचार करण्याजोग्या आहेत. वस्तू नित्य वापरातली असली पाहिजे, मुख्यतः हातांनी घडलेली असली पाहिजे, तिची रीत शंभर वर्षांहून जुनी असली पाहिजे, आणि त्या गावी ते काम करणारे पुरेसे लोक असले पाहिजेत. केवळ कपाटात ठेवण्याची शोभेची वस्तू त्यात बसत नाही.

बोगद्यापलीकडील हिमप्रदेश

ह्या कायद्याचे फळ पाहण्यासाठी आम्ही तोक्योहून वायव्येकडील नीगाता प्रांताची वाट धरली. एप्रिल महिना होता. तोक्योतील चेरीचा बहर ओसरून गेला होता आणि ओढ्यांच्या पाण्यावर पाकळ्यांची साय धरली होती. तेथील बहुतेक चेरीची झाडे एकाच मूळ झाडाच्या कलमांपासून वाढविलेली आहेत. म्हणून ती सारी एकदम फुलतात आणि आठवड्याभरात एकदमच रिती होतात. त्या क्षणिकपणाचे जपान्यांस अप्रूप फार. फुले असताना कचेरीतील माणसे, शाळेतील मुले, घरातील वृद्ध, सारे झाडाखाली चटई टाकून बसतात.

आगगाडी डोंगरांत शिरते आणि सुमारे बावीस किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून पलीकडे निघते. अलीकडे निरभ्र आकाश व कोरडी माती. पलीकडे डोंगरउतारांवर आणि घरांच्या कडेला एप्रिलातही बर्फाचे ढीग. ह्याच प्रदेशावर यासुनारी कावाबाता ह्या कादंबरीकाराने आपली ‘हिमप्रदेश’ ही कादंबरी लिहिली. त्यास १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डोंगराच्या दोन बाजूंस दोन ऋतू कसे, ह्याचे कोडे खानदेशच्या माणसास पडू नये. आपल्याकडे नैर्ऋत्येचे वारे समुद्रावरून पाणी घेऊन येतात, सह्याद्रीच्या माथ्यावर ते ओततात, आणि धुळे-जळगावकडे पोचेपर्यंत ढग हलके झालेले असतात. तेथे हिवाळ्यात सायबेरियाचे थंड वारे जपानच्या समुद्रावरून ओल उचलतात आणि ह्या डोंगरांवर बर्फाच्या रूपाने टाकून देतात. तोक्योच्या वाट्यास कोरडा वारा उरतो. वारा निराळा आणि ऋतूही निराळा, परंतु डोंगराचा न्याय तोच.

डोंगर संपले की एचिगोचे विस्तीर्ण भातखाचरांचे मैदान लागते. जपानातील सर्वांत लांब नदी, ३६७ किलोमीटरांची शिनानो, ह्या मैदानातून समुद्रास मिळते. तिच्या पुरांनी येथील शेतकऱ्यांचे पिढ्यानुपिढ्या हाल केले. शेवटी पुराचे पाणी वाटेतच समुद्राकडे वळविण्यासाठी ओकोझू येथे मोठा कालवा खणला गेला, आणि १९२२ साली त्यातून पाणी सोडले. आज त्या कालव्याच्या काठांवर चेरीच्या झाडांच्या लांबच लांब रांगा आहेत. तोक्योत संपलेला बहर आम्हांस येथे पुन्हा भरात भेटला. दूर बर्फाचे डोंगर, मध्ये फुलांचा गुलाबी पट्टा, खाली संथ पाणी. ते रम्य दृश्य पाहताना, ते केवळ निसर्गाचे देणे नसून पुराने गांजलेल्या माणसांच्या कुदळीचेही आहे, ह्याची जाणीव झाली आणि ते अधिकच आवडले.

त्सुबामेचा ठोका

ह्या मैदानातच त्सुबामे नावाचे शहर आहे. तोक्योहून आगगाडीने सुमारे दोन तासांचा रस्ता. पुराने शेती बुडे म्हणून सतराव्या शतकापासून येथील शेतकरी जोडधंदा म्हणून खिळे घडवू लागले. अठराव्या शतकात तांब्याची भांडी ठोकून घडविण्याची विद्या आली. जवळच्या याहिको डोंगराच्या पायथ्याशी तांब्याची खाणही होती. १८१६ साली स्थापन झालेली ग्योकुसेन्दो ही कार्यशाळा आजही तेथे चालू आहे. पाश्चात्त्य यंत्रांचे खिळे आले आणि हातखिळ्यांचा धंदा बुडाला. तेव्हा हे लोक तंबाखूच्या नळ्या आणि कमरेला लावावयाच्या दौती घडवू लागले. सिगारेट आली, टाक-पेन आले, तोही धंदा बसला. मग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी परदेशासाठी चमचे व काटे घडविण्यास आरंभ केला. पुढे पोलाद आले तेव्हा पोलादही हाती घेतले. १९९१ साली नोबेल पारितोषिकाच्या मेजवानीस जे चमचे-काटे मांडले, ते ह्याच गावात झालेले. धंदा पुन्हा पुन्हा मेला. हात मात्र मरू दिला नाही.

आम्ही एका जुन्या कार्यशाळेत गेलो. लाकडी माडीत, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून कारागीर बसले होते. प्रत्येकाच्या पुढे झेल्कोव्हा झाडाचा प्रचंड ओंडका, त्यात भोके, भोकांत निरनिराळ्या आकारांचे लोखंडी दांडे बसविलेले. त्या दांड्यांच्या टोकांवर पत्रा ठेवून हातोडीने एकसारखे ठोके पडत होते. ह्या दांड्यांस ते ‘तोरिगुची’, म्हणजे ‘पाखराचे तोंड’, म्हणतात, आणि भांड्याच्या प्रत्येक वळणासाठी दांडा निराळा असतो. आपल्या तांबटाची खरवई ज्याने पाहिली आहे, त्यास ही व्यवस्था पाहून हसूच येईल, इतकी ती सारखी आहे. वहिनी दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, डोळे मिटून ऐका. आपण सोनगीरलाच आहोत.”

क्रियाही तीच. तांब्यावर ठोके पडले की ते कठीण होते. तसेच ठोकत राहिले तर चिरते. म्हणून ते भट्टीत लाल करावयाचे, पाण्यात बुचकळावयाचे, मऊ झाले की पुन्हा ठोकावयाचे. सपाट पत्र्याची कड हळूहळू उठते, पोट भरते, गळा आवळतो. निष्णात कारागीर किटलीची तोटीसुद्धा त्याच एका पत्र्यातून, जोड न देता, बाहेर काढतो. शेवटी गंधकाच्या द्रावणाने भांड्यास जांभळट, काळसर किंवा तपकिरी रंग आणतात. आपल्याकडे तांबे चिंचेने घासून लखलखीत करण्याची आवड. तेथे वापराने व हाताच्या स्पर्शाने काळोखत जाणाऱ्या रंगाची आवड. अभिरुची दोन, पण हातोडीच्या खुणांची जी नक्षी ते अभिमानाने उघडी ठेवतात, तीच आपल्या मठारकामाची शोभा आहे.

आम्हांस सर्वांत आनंद झाला तो तेथील कामकऱ्यांची वये पाहून. पांढऱ्या केसांच्या वृद्धाशेजारी विशी-पंचविशीची मुले होती, आणि त्यांत मुलीही होत्या. त्या सर्वच तांबटाच्या घरी जन्मलेल्या नव्हेत. शिक्षण संपवून ही विद्या आपण होऊन निवडलेल्या आहेत. १९८१ साली त्सुबामेच्या ताम्रकामास त्या १९७४ च्या कायद्याने मान्यता मिळाली. २०१० साली येथील नोरिओ तामागावा ह्या ठोकाम करणाऱ्या कारागिरास ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला. आणि २०१३ पासून ह्या भागातील कारखाने उत्सव करून लोकांस आपले काम पाहण्यास दारे उघडतात. आपल्या हातची विद्या राष्ट्र मोलाची मानते हे डोळ्यांनी दिसले, म्हणजे तरुण माणूस तिच्याकडे वळतो. भांड्याची किंमतही तशीच असते. एका किटलीच्या दरात आपल्याकडे घरभर भांडी येतील. परंतु घेणारा ती नातवासाठी घेत असतो.

सोनगीरचे काय?

सोनगीरलाही हे काम आजवर चालत आले आहे. मात्र पूर्वीच्या मानाने हात थोडे राहिले आणि मुले दुसऱ्या वाटांनी गेली. ह्यात कोणास दोष देण्याचे कारण नाही. नळ आले आणि विहिरीवरची घागर थांबली. गॅसची शेगडी आली आणि बंब निघाला. ॲल्युमिनियम, पोलाद व प्लॅस्टिक स्वस्त आणि हलके पडले. नव्या विजेच्या इंडक्शन शेगडीवर तर तांब्याचे भांडे तापतच नाही. कल्हई लावणारा दारावर येईनासा झाला, आणि कल्हईवाचून तांब्या-पितळेत आंबट पदार्थ कळकतो हे गृहिणीस ठाऊक असते. मग जुनी भांडी माळ्यावर गेली, आणि माळा आवरताना मोडीत गेली.

मोड घेणारा भांडे वजनावर घेतो. त्यात धातूचा भाव मिळतो. तांबटाने घातलेल्या हजारो ठोक्यांचा, म्हणजे घडणावळीचा, एक पैसाही मिळत नाही. आमच्या मते सारा प्रश्न ह्या एका शब्दात सामावला आहे. जपानी गिऱ्हाईक तांब्याचे पैसे थोडे देतो आणि घडणावळीचे पुष्कळ. आपण अद्यापि तांबे विकत घेतो आणि घडणावळ फुकट मागतो. जोवर हे असे आहे, तोवर तांबटाने मुलास ऐरणीपाशी बसवावे ही अपेक्षा धरणे न्याय्य नव्हे.

हे कार्य आपल्या देशात अशक्य आहे असेही नाही. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेरांच्या तांब्या-पितळेच्या भांडीकामास युनेस्कोने २०१४ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथील ठोका आणि सोनगीरचा ठोका ह्यांत जातीचे अंतर नाही. सरकारने करावयाचे ते सरकार करील. परंतु घरात बसून करण्याजोगेही पुष्कळ आहे, आणि एकत्र कुटुंबात ते अधिक सुलभ आहे. माळ्यावरचे भांडे मोडीत देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बायकांस ते कोठून व कोणाच्या लग्नात आले हे विचारावे आणि त्यावर नाव कोरलेले असल्यास मुलांकडून वाचवून घ्यावे. पिण्याच्या पाण्यास कल्हई लागत नाही; तेव्हा एक घागर, एक तांब्या पुन्हा वापरात आणावा. मुंजीत किंवा लग्नात द्यावयाचे ताम्हन, पळी-पंचपात्री यंत्रावर दाबलेले न घेता ठोकलेले मागावे, आणि घडणावळीत घासाघीस करू नये. मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना सोनगीरला गाडी थांबवून मुलांस तांबटाचे काम दाखवावे. परवानगी मागितली तर आनंदाने दाखवितात.

आमच्या घरी ह्या प्रवासानंतर थोरल्या बंधूंनी माळ्यावरची भांडी खाली काढविली. तीन हंडे, एक घंगाळ, दोन पराती. दोहोंस डाख द्यावा लागेल, एकास नवे बूड. घरातील धाकट्या मंडळींनी त्यांच्या मोडीचा भाव बाजारातून विचारून आणला, आणि वहिनींनी सोनगीरहून दुरुस्तीचा. दुरुस्तीचा खर्च अधिक आहे. घरात मतभेद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही. परंतु भांडी अजून घरात आहेत, आणि पहिला हंडा पुढील आठवड्यात सोनगीरला जावयाचा ठरला आहे. आमच्या वाचकांच्या घरीही असा एखादा माळा असेलच. तो आवरावयास घेण्यापूर्वी त्यांनी एवढा विचार करावा, इतकीच विनंती आहे.